मुरगाव बंदराच्या अध्यक्षांस: २०२९ चा विचार आतापासून करा

प्रति,
मा. अध्यक्ष,
मुरगाव बंदर प्राधिकरण,
हेडलँड सडा, गोवा



एप्रिल १९९९ मध्ये तुमच्या बंदराने धक्का क्रमांक ५ए आणि ६ए तीस वर्षांच्या कराराने साउथ वेस्ट पोर्ट या कंपनीला दिले. ती मुदत २०२९ मध्ये संपते. या धक्क्यांवर उतरणारा कोळसा वास्कोहून रेल्वेने निघतो, कुळेचा घाट चढतो आणि कर्नाटकात तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याला पोचतो, हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. करार संपायला अजून वेळ आहे, मग आताच पत्राची घाई कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण असे निर्णय मुदत संपते त्या दिवशी होत नाहीत. ते आधी दोन-तीन वर्षं सल्लागारांच्या अहवालांत आणि टिपणांत पिकत असतात, आणि आमच्या कानावर बातमी येते तेव्हा निविदेचा मसुदा छापून तयार असतो. म्हणून मसुद्याच्या आधी हे पत्र.

मुरगावचं ‘हरित बंदर’ होणार, हे आम्ही गेली काही वर्षं ऐकतो आहोत. त्यात काही कामं खरोखरची आहेत. केंद्रीय मंत्रालयाने मे २०२३ मध्ये ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वं काढली. बंदरं वापरतात त्यातली ६० टक्के वीज २०३० पर्यंत आणि ९० टक्के वीज २०४७ पर्यंत अपारंपरिक स्रोतांतून यावी, यंत्रं विजेवर चालावीत, आणि हाताळलेल्या मालाच्या दर टनामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटावं, अशी उद्दिष्टं त्यात आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तुमच्या बंदराने ‘हरित श्रेय’ योजना सुरू केली. ज्या जहाजाचा पर्यावरण निर्देशांक चांगला, त्याला बंदर शुल्कात सवलत. कल्पना चांगली आहे, आणि ती राबवणाऱ्या अधिकाऱ्यांचं कौतुक करायला मला संकोच वाटत नाही.

पण या साऱ्या हिशेबात एक रकाना कुठेच नाही. जहाजाचं इंजिन किती धूर सोडतं, क्रेन डिझेलवर चालते की विजेवर, कचेरीच्या छतावर सौर पॅनल आहेत का, हे सगळं मोजलं जातं. क्रेनच्या तोंडात काय आहे, ते मोजलं जात नाही. ऑस्ट्रेलियाहून कोळसा भरून आलेलं जहाज इंजिनाने स्वच्छ असेल, तर या पद्धतीत तेही सवलतीला पात्र ठरू शकतं. कोळशाची उलाढाल दुप्पट झाली आणि क्रेन विजेवर आल्या, तर दर टनामागचं उत्सर्जन कागदावर घटलेलं दिसेल आणि बंदराला वर पुरस्कार मिळेल. दारूच्या गुत्त्यावर सौर पॅनल बसवून व्यसनमुक्ती केंद्राची पाटी लावावी, तसा हा प्रकार आहे. माझी मागणी एका ओळीची आहे: मुरगाव हरित आहे की नाही, ते मालावरून ठरू द्या.

वास्कोत ते मोजायला यंत्र लागत नाही. वारा बंदराकडून शहराकडे वळला, की सड्यापासून बायण्यापर्यंत बायका दोरीवरचे कपडे आत घेतात. खारीवाड्यात सुकत घातलेल्या मासळीवर कापड टाकलं जातं. खिडकीच्या जाळीवर पांढरा रुमाल फिरवला, की काळी रेघ उठते. ती चिमटीत चोळली तर रस्त्याच्या मातीसारखी विरत नाही, तेलकट पसरते. तुमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, पण या बंदराच्या आसपासची धूळ एके काळी लोहखनिजाची, लाल होती. तिचीही आम्हाला प्रीती नव्हती. तरी ती इथल्या डोंगरांची होती आणि तिच्यावर इथली घरं चालत होती. ही काळी धूळ ज्या मालाची, तो परदेशातून येतो, परराज्यात जातो, आणि आमच्याकडे फक्त सांडतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तुमची अडचण त्यातच आहे. पोर्तुगीज राजवटीत १८८० च्या दशकात ब्रिटिशांच्या भांडवलावर रेल्वे आणि बंदर एकत्रच उभी राहिली. मुक्तीनंतर मुरगाव देशाच्या प्रमुख बंदरांत आलं आणि जपानच्या पोलाद कारखान्यांनी ते खनिजाचं बंदर केलं. १९७९ च्या सुमाराला ९ क्रमांकाच्या धक्क्यावर खनिज भरण्याची मोठी यंत्रणा आली. मांडवी आणि झुआरीतून बार्जींची रांग लागायची. पुढे चीनची भूक वाढली, आणि गोव्याने स्वतःला ओरबाडून घेतलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. बंदराचं एक अन्न तुटलं. जे दुसरं, कोळशाचं, हाताशी होतं, ते तुम्ही घट्ट धरलंत. एका मालावर जगणाऱ्या बंदराचं काय होतं, हे मुरगावने एकदा भोगलं आहे. त्यानंतर पुन्हा एकाच मालावर विसंबणं हा माझ्या मते धंद्याच्या हिशेबानेही शहाणपणा नव्हता.

लोकांनी हे तेव्हाच सांगितलं होतं. २०१७ च्या उन्हाळ्यात बंदर विस्ताराच्या प्रकल्पांवर वास्कोत जनसुनावण्या झाल्या. त्या एका दिवसात आटोपणाऱ्या नव्हत्या. मच्छीमार, डॉक्टर, शिक्षक, पाद्री, भजनी मंडळातली माणसं, एकामागून एक उठून रात्री उशिरापर्यंत बोलली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोरला हजारो लोक रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या अभयारण्यातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. घाटात दुसरा रूळ नाही, गावांत विरोध आहे, आणि शहराला धूळ नको आहे. या मार्गावर कोळशाची वाढ होऊ शकत नाही, एवढं तरी आता मान्य करायला हरकत नसावी.

मग त्या जागी काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देताना मला आमच्या बाजूच्या काही उत्साही मित्रांनाही थोडं दुखवावं लागेल.

पहिली कल्पना समुद्रातल्या पवनचक्क्यांची. डेन्मार्कच्या एस्बियर्गचं उदाहरण नेहमी दिलं जातं. मासेमारीचं आणि नंतर उत्तर समुद्रातल्या तेल-वायूचं ते बंदर २००२ च्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पापासून पवनऊर्जेकडे वळलं आणि आज त्याच कामासाठी ओळखलं जातं. इंग्लंडमध्ये हलच्या जुन्या अलेक्झांड्रा डॉकवर २०१६ मध्ये पात्यांचा कारखाना आला. पण या दोन्ही बंदरांच्या समोरच्या समुद्रात वारा होता आणि पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. आपल्याकडे जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात ५०० मेगावॅट गुजरातच्या किनाऱ्यावर आणि ५०० तामिळनाडूच्या. दोन बंदरं सुधारायला ६०० कोटी आहेत, तेही त्याच बाजूंना. गोव्याचा किनारा या नकाशात नाही. उरल्या जमिनीवरच्या पवनचक्क्या. त्या कर्नाटकात भरपूर आहेत, गदगला आहेत, चित्रदुर्गला आहेत. पण सत्तर-ऐंशी मीटर लांबीचं पातं अनमोडच्या घाटातून कसं वळवणार? ट्रक चालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी हसेल.

दुसरी कल्पना हरित हायड्रोजनची. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं मंजूर झालं, तेव्हापासून प्रत्येक बंदराला आपण त्याचं केंद्र व्हावंसं वाटतं. साधा हिशेब करू. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास युनिटांहून थोडी जास्तच वीज लागते. वर्षाला एक लाख टन काढायचा, तर ५०० कोटी युनिटं झाली. साऱ्या गोव्याचा वर्षाचा वीजवापर याच्याच आसपास आहे. ती वीज गोव्यात तयार होत नाही, बाहेरून तारांवरून येते, आणि त्या तारा मोलेच्या जंगलातून न्यायच्या म्हटलं की किती विरोध होतो, हे आपण पाहिलं आहे. पाण्याचं निराळं सांगायला नको. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वास्कोकराला नळाचं पाणी हायड्रोजनसाठी देतो म्हणून सांगायला जाल, तेव्हा मला बरोबर नेऊ नका.

म्हणजे मुरगावने हरित ऊर्जा तयार करण्याचा हट्ट सोडावा. कांडला, तुतीकोरिन आणि पारादीप ही बंदरं हायड्रोजन केंद्रं म्हणून केंद्राने निवडली आहेत. तिथे जमीन आहे, ऊन-वारा आहे. आपल्याला ती ऊर्जा उतरवायची, वापरायची आणि तिच्यावर चालणारी जहाजं सांभाळायची आहेत. हे काम छोटं वाटेल. माझ्या मते मुरगावच्या अंगाला हेच बसतं.

याचा पहिला गिऱ्हाईक बंदरापासून काही किलोमीटरवर बसला आहे. झुआरीनगरच्या खत कारखान्याला अमोनिया लागतो, आणि तो जहाजाने मुरगावला उतरून रस्त्याने तिकडे जात आला आहे. २०२५ मध्ये सेकीने, म्हणजे भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने, देशातल्या १३ खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव केले. म्हणजे हा माल आता किमतीसकट बाजारात उतरला आहे. देशातल्याच दुसऱ्या बंदरात तयार झालेला अमोनिया किनाऱ्याने मुरगावला यायला तांत्रिक अडचण नाही.

मात्र इथे मी थांबून तुम्हाला जानेवारी २०१८ ची ती रात्र आठवायला सांगतो. बंदरातून अमोनिया घेऊन निघालेला टँकर चिखलीला उलटला, वायू पसरला आणि आसपासच्या घरांतल्या लोकांना अंथरुणातून उठवून हलवावं लागलं. अमोनिया हरित असो वा नसो, नाकात गेल्यावर फरक करत नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेलं ‘नू शी नलिनी’ जहाज बंदरातून वाहत जाऊन दोनापावलच्या खडकांवर बसलं आणि पुढचे कित्येक दिवस सगळं राज्य श्वास रोखून होतं. या दोन घटना झालेल्या बंदराने ‘हरित अमोनिया केंद्र’ अशी घोषणा करण्याआधी सांगायला हवं की टाक्या वस्तीपासून किती अंतरावर असतील, नळ कुठून जाईल, टँकर रस्त्यावरून कधी बंद होतील आणि भोंगा वाजल्यावर खारीवाड्यातल्या माणसाने कुठल्या दिशेने पळायचं. हे आधी ठरणार नसेल, तर अमोनियाचं नाव काढू नका. ते कोळशापेक्षा वाईट होईल.

ज्या कामावर मला सर्वांत जास्त लिहायचं आहे, त्याच्यावर अहवालांत सर्वांत कमी लिहिलं जातं. ते आहे जहाजांना धक्क्यावर वीज देण्याचं आणि छोट्या जहाजांची इंजिनं बदलण्याचं.

जहाज धक्क्याला लागलं म्हणजे त्याचं मुख्य इंजिन बंद होतं, पण दिवे, पंप, शीतगृहं, वातानुकूलन यांच्यासाठी डिझेलची जनित्रं रात्रंदिवस चालू राहतात. प्रवासी जहाजाला तर एखाद्या छोट्या शहराइतकी वीज लागते. तुम्ही मुरगावला क्रूझचं मोठं टर्मिनल उभारता आहात. त्यात काचेच्या कमानी, दुकानं आणि सरकते जिने यांची चर्चा होते. धक्क्यावर उच्चदाबाची जोडणी, जहाजांच्या फ्रीक्वेन्सीशी जुळवणारा परिवर्तक आणि उपकेंद्राची क्षमता यांची चर्चा मी कुठे ऐकली नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बहुतेक मोठ्या जहाजांची ६० हर्ट्झची. मध्ये परिवर्तक नसेल तर धक्क्यावर केबल आणून उपयोग नाही. हे काम टर्मिनल बांधून झाल्यावर करायचं म्हणजे पुन्हा फरशी फोडणं आलं. आपल्याकडे फरशी फोडण्याची हौस दांडगी असली, तरी या वेळी ती टाळता येईल.

दुसरं बार्जींचं. खाणी जोरात होत्या तेव्हा गोव्याच्या नद्यांत शेकडो बार्जी होत्या. आता त्यांतल्या पुष्कळ भंगारात गेल्या, काही काठाला गंजत आहेत. त्या बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या छोट्या गोद्या झुआरीच्या काठाने कुठ्ठाळी, रासईपर्यंत होत्या आणि अजूनही काही आहेत. तिथला फिटर हाताने पत्रा वळवतो, शाफ्ट जुळवतो, आणि आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो. पलीकडे वास्कोतच गोवा शिपयार्ड आहे, १९५७ पासूनचं, युद्धनौका बांधणारं. अशी दोन टोकं एका खाडीवर असताना बॅटरीवर चालणाऱ्या बार्जी, टग, पायलट बोटी आणि फेरीबोटी इथे बांधता-दुरुस्त करता येणार नाहीत, असं मला कोणी पटवून द्यावं. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टग योजना सुरू केली, पहिल्या चार बंदरांत मुरगाव नव्हतं. पुढच्या यादीत नाव घालून घेणं तुमच्या हातात आहे.

इथेही एक इशारा. डिसेंबर २०२२ मध्ये मांडवीत गोव्याची पहिली सौर फेरीबोट वाजतगाजत आली आणि नंतरचा बहुतेक काळ धक्क्यालाच बांधून राहिली. बोट आणली, पण ती चालवणारी माणसं तयार करणं आणि योग्य मार्ग नेमणं राहून गेलं. मुरगावला हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत होऊ नये.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रेटन पॉइंटची हकिगत तुमच्या सल्लागारांना जरूर वाचायला द्या. समुद्रकाठचं ते मोठं कोळशाचं वीजकेंद्र २०१७ मध्ये बंद झालं, २०१९ मध्ये त्याचे शीतमनोरे सुरुंग लावून पाडले, आणि जागेला पवनऊर्जेचं केंद्र म्हणून नवं नाव मिळालं. समुद्राखालच्या केबलचा कारखाना यायचा होता. तो येईपर्यंत जागा रिकामी कशाला, म्हणून तिथे भंगार लोखंडाची चढ-उतार सुरू झाली, आणि कोळशाला कंटाळलेले शेजारी भंगाराच्या धुळीविरुद्ध कोर्टकचेरी करू लागले. जानेवारी २०२५ मध्ये केबल कंपनीने माघार घेतली. हरित केंद्राची जागा ‘तूर्तास’ म्हणून घाणेरड्या मालाला द्यायची, हा मोह मुरगावला पडणारच नाही असं मी समजत नाही. म्हणून ‘तूर्तास’चीही अट करारात लिहून ठेवावी लागेल.

कामगारांबद्दल दोन शब्द. धक्क्यावरचे, वॅगन भरणारे, लोडर चालवणारे लोक आमचेच आहेत. कोळसा नको म्हणणाऱ्याच्या शेजारच्या दारात कोळशावर पोट असलेला माणूस राहतो. खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते थकले आणि सरकारने थोडी मदत वाटून विषय मिटवला. ती पद्धत परत नको. धक्का बदलणार असेल, तर प्रशिक्षण आणि पगाराची हमी कोळसा थांबायच्या आधी सुरू व्हावी. तीही नव्या कराराच्या अटींत, नुसत्या भाषणात नको.

पोलादाला कोळसा लागतोच, असं तुम्ही म्हणाल. भट्टीच्या पद्धतीत एक टन पोलादाला पाऊण टनाच्या आसपास कोळसा लागतो, हे खरं. देशाला पोलाद हवं, तेही खरं. पण तो कोळसा याच नदीच्या मुखातून, याच घाटाने, याच शहराच्या छातीवरून गेला पाहिजे, असा काही नियम नाही. पोलाद कारखानदारालाही आपली सोय बघायची आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने आयात पोलादावरचा कार्बन कर प्रत्यक्ष लागू केला आहे. तीस वर्षांचा पुढचा करार २०५९ पर्यंत जाईल, आणि तोवर या धक्क्यांवर कोळसाच उतरत राहील अशी पैज तो कारखानदारही लावणार नाही. मग बंदराने का लावावी?

तेव्हा मागण्या लिहून हे पत्र संपवतो. ५ए आणि ६ए चा करार कोळशासाठी वाढवणार नाही, असा ठराव प्राधिकरणाने याच वर्षी मंडळाच्या बैठकीत करावा. नव्या निविदेत कोणता माल चालेल त्याची यादी असावी, आणि त्या यादीत कोळसा नसावा, ‘अन्य सुटा माल’ असा त्याला आत घेणारा शब्दही नसावा. क्रूझ टर्मिनलवर जहाजांना वीज पुरवण्याची सोय उद्घाटनाच्या दिवशीच चालू असावी. अमोनियाचा सुरक्षा आराखडा प्रकल्पाच्या आधी यावा. आणि या सगळ्याचा मसुदा कोकणी-मराठीत छापून, वास्कोत उघड्या मंडपात, सुट्टीच्या दिवशी लोकांपुढे मांडावा. २०१७ मध्ये तासन्‌तास बोललेली माणसं अजून इथेच आहेत. त्यांना बोलवा, ती येतील.

आपला,
वास्कोचा एक रहिवासी